अजून काही झालेलं नाही

काडेपेटी शेवटची कधी हातात घेतली होती, आठवतंय? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आता ती फक्त देवापाशी उरली आहे, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. आज दिवा लावताना ती जरा नीट पाहा. काडीच्या टोकाच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, आणि पेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो त्यात तांबडा फॉस्फरस. पहिला ऑक्सिजन द्यायला टपलेला, दुसरा घ्यायला. या दोघांना एकत्र कालवून ठेवलं असतं तर काडेपेटी खिशात घालून फिरायची कुणाची छाती झाली नसती. म्हणून एकाला काडीवर बसवलं आणि दुसऱ्याला पेटीवर. १८४४ साली स्वीडनमधल्या गुस्ताव एरिक पाश यांनी या रचनेचं पेटंट घेतलं. त्याआधी पांढरा फॉस्फरस आणि बाकी सगळं एकत्र काडीच्याच टोकाला असे. त्या काड्या कुठेही घासल्या की पेटत, आणि त्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे सडत. पाश यांची कल्पना म्हणजे मुळात एक अंतर आहे. दोन पदार्थांमध्ये राखलेलं, आणि माणसाने घासेपर्यंत टिकणारं.

अशा जोड्यांमधली ऊर्जा मोजणं हे माझं रोजचं काम आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी पोस्टडॉक आहे. पण या लेखाचं निमित्त माझं संशोधन नाही. एका तक्त्यावर मी पुन्हा पुन्हा केलेली सही आहे. तिच्याकडे येतेच. आधी थोडं उष्मागतिकीबद्दल बोलू द्या, कारण तिच्याशिवाय त्या सहीचा अर्थ लागणार नाही.

शाळेत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडल्याचं तुम्हाला आठवत असेल. थोड्या वेळाने खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढायचा आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडायचा. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, तांबं ते घेतं. सोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोघांच्या ओढीतला फरक ०.७८ व्होल्ट भरतो, आणि त्यावरून हिशोब मांडला तर दर मोलमागे मुक्त ऊर्जा सुमारे १५० किलोज्यूलने कमी होते. मुक्त ऊर्जेचा हा हिशोब घातला येल विद्यापीठातल्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी, १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या एका लांबलचक प्रबंधात. आकडा ऋण आला, तर अभिक्रिया आपणहून त्या दिशेला जाऊ शकते. धन आला, तर बाहेरून रेटा दिल्याशिवाय नाही.

यातला ‘जाऊ शकते’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. आता दुसरी जोडी घ्या: ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज, म्हणजेच आयर्न ऑक्साइड. इथे मुक्त ऊर्जा कमी होते ती सुमारे ८४० किलोज्यूलने, म्हणजे खिळ्याच्या पाचपटीहून जास्त. मग हे मिश्रण करताक्षणी पेटायला हवं, नाही का? पेटत नाही. कोरडं ठेवलं तर बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पण एकदा पुरेसं तापवून पेटवलं की वितळलेलं लोखंड वाहू लागतं. रेल्वेचे रूळ जोडायला हीच अभिक्रिया वापरतात. जो खिळा त्यामानाने कमी उतावीळ, तो समोर बसल्या बसल्या बदलतो, आणि जी जोडी प्रचंड उतावीळ, ती गप्प पडून असते.

कारण गिब्ज यांच्या आकड्यात वेळ नाही. धरणाचं उदाहरण घ्या. धरणामागचं पाणी कुठे जाणार हे उतार ठरवतो. कधी जाणार हे भिंत ठरवते. उताराचं शास्त्र म्हणजे उष्मागतिकी. रसायनातल्या भिंतीला आम्ही सक्रियण ऊर्जा म्हणतो, आणि तिचा अभ्यास हे वेगळंच शास्त्र आहे. नुसत्या उतारावरून भिंतीची उंची कळत नाही, तशीच तिला तडा गेला आहे की नाही हेही कळत नाही.

म्हणून ‘स्थिर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि गंमत अशी की बाहेरून ते दोन्ही सारखे दिसतात. वाळू स्थिर आहे, कारण ती उताराच्या तळाशी आहे. तिला खाली जायला जागाच नाही. अमोनियम नायट्रेट स्थिर आहे, कारण भिंतीने त्याला अडवून धरलंय. गोदामात शेजारीशेजारी रचलेली दोघांची पोती पाहिली तर दोन्ही सारखीच मुकाट.

अमोनियम नायट्रेट ही वस्तूच विलक्षण आहे. काडेपेटीत देणारा आणि घेणारा वेगळे ठेवलेले असतात. इथे दोघे एकाच स्फटिकात राहतात. अमोनियमातल्या नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची रेलचेल, नायट्रेटमधल्या नायट्रोजनपाशी टंचाई. एकाच मूलद्रव्याची दोन टोकं. ती एकमेकांना भेटली की दोघांचा मिळून साधा नायट्रोजन वायू होतो, सोबत पाण्याची वाफ आणि थोडा ऑक्सिजन. दर मोलमागे, म्हणजे सुमारे ८० ग्रॅममागे, मुक्त ऊर्जा जवळजवळ २७० किलोज्यूलने उतरते. घनपदार्थ क्षणात वायू झाला की त्याला मावायला जागा नसते, आणि तोच स्फोट. पण एरवी हे खत आहे. जगातल्या कितीतरी शेतांतलं पीक त्यावर वाढतं. शुद्ध असेल, थंड असेल, मोकळं पसरलेलं असेल, तर ते पेटवणंही सोपं नाही. त्याची भिंत खरोखर उंच आहे. आणि माझ्या मते नैतिक अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण भिंत उंच असली की माणसं भिंतीला विसरतात.

जर्मनीत ओपाऊ इथल्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्रण कोठारात साठवलेलं असे. हवेतल्या दमटपणाने ते दगडासारखं घट्ट व्हायचं. कुदळीने फुटेना, म्हणून कामगार त्यात भोकं पाडून सुरुंग लावत आणि ते मोकळं करत. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्यामागे चाचण्या होत्या, आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे अनुभव होता. हजारो वेळा सुरुंग लावले होते आणि काहीच झालं नव्हतं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी झालं. कोठारात सुमारे ४५०० टन मिश्रण होतं. त्याचा काही भागच फुटला, तरी पाचशेहून अधिक माणसं मेली.

आदल्या दिवशी तुम्ही तिथल्या फोरमनला विचारलं असतं, तर त्याने काय उत्तर दिलं असतं? ‘इतकी वर्षं करतोय, अजून काही झालेलं नाही.’ ते वाक्य शब्दशः खरं होतं. माझा प्रश्न असा आहे: खरं वाक्य उच्चारूनही माणूस दोषी असू शकतो का?

इंग्लंडमधला गणिती आणि तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली, म्हणजे गिब्ज यांचा प्रबंध छापून होत असतानाच्या काळात, श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीची गरज आहे, हे त्याला सुचवलं गेलंय. त्याच्या मनात शंका येते. पण तो स्वतःला समजावतो की या जहाजाने इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं झेलली, याही वेळी येईल सुखरूप परत. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असला तरी; कारण समोर असलेल्या पुराव्यावरून असा विश्वास बाळगायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे तो विचारतो, समजा जहाज बुडालंच नसतं, तर दोष कमी झाला असता का? त्याचं उत्तर आहे: तिळमात्र नाही. फक्त उघडकीला आला नसता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कठोर वाटलं. आपण सगळे याच्या उलट वागतो. बेफाम गाडी चालवणारे दोघे, एकाच्या समोर मूल आलं आणि दुसऱ्याच्या समोर आलं नाही. आपण पहिल्याला तुरुंगात घालतो आणि दुसऱ्याला दंडाची पावती देतो. थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने याला नैतिक नशीब म्हटलंय. आपली सगळी न्यायाची भाषा, कायद्याची आणि घरातलीही, परिणामाभोवती फिरते. ‘काही झालं तर नाही ना? मग सोड.’

पण रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं की मला क्लिफर्डचं म्हणणं पटतं. ‘अजून काही झालं नाही’ या वाक्यातून उताराबद्दल काहीही कळत नाही. उतार पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही आहे. भिंतीबद्दलही फार थोडं कळतं. एवढंच, की आजवर लागलेल्या धक्क्यांपेक्षा ती उंच होती. उद्याचा धक्का त्याहून मोठा नसेल, किंवा दरम्यान भिंत खचली नसेल, याची हमी त्यात नाही. गेल्या काळाचं हे फक्त वर्णन आहे, आणि आपण ते येणाऱ्या काळाचं आश्वासन म्हणून वापरतो. फोरमनचं वाक्य खरं होतं. चूक होती ती त्याच्याकडून घेतलेल्या कामात.

तुम्ही म्हणाल, असं बघायला गेलं तर जगणंच अशक्य होईल. आक्षेप रास्त आहे. आपण स्वतःच ऑक्सिजनने भरलेल्या हवेत बसलेलो कार्बनचे पुतळे आहोत. उष्मागतिकीच्या लेखी आपलं खरं ठिकाण म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि मूठभर राख. लाकडी घर, पुस्तकांचं कपाट, पोळ्यांचं पीठ, सगळं भिंतीआड उभं आहे. उतार नसलेलं जग मागता येणार नाही. त्यात जीवही नसेल. मागता येईल ते एवढंच की ज्याच्या ताब्यात भिंत आहे, त्याने तिच्याकडे पाहावं. मग प्रश्न उरतो तो असा: भिंत कुणाच्या ताब्यात आहे, आणि पाहणं म्हणजे नक्की काय?

या प्रश्नाचं एक उत्तर कोर्टात दिलं गेलं. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटीच्या बंदरात ग्रँडकॅम्प नावाच्या जहाजाच्या पोटात आग लागली. आत कागदी पोत्यांत दोन हजारांहून अधिक टन अमोनियम नायट्रेट होतं. पाण्याने माल खराब होईल म्हणून कप्तानाने झडपा बंद करून आत वाफ सोडायला सांगितली, हवा तोडली की आग विझेल या हिशोबाने. पण ज्या पदार्थाच्या स्वतःच्याच पोटात ऑक्सिजन आहे त्याची हवा तोडून काय होणार? वाफेने उष्णता मात्र आत कोंडली गेली. किमान ५८१ माणसं मेली. गावाचं जवळजवळ सगळं अग्निशमन दल त्यात गेलं. हे खत सरकारी योजनेतून, युद्धकाळातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बनलं होतं, म्हणून मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकन सरकारवर दावा लावला. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की हे निर्णय नियोजनाच्या पातळीवर, अधिकाऱ्यांच्या विवेकाधिकारात घेतले गेले होते. सरकारला जबाबदार धरता येणार नाही. १९५५ साली काँग्रेसने वेगळा कायदा करून भरपाई दिली. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या टेबलावर नियमानुसार काम केलं होतं, आणि भिंत कुणाच्याच टेबलावर नव्हती.

दुसरं उत्तर बैरुतचं. २०१३ च्या अखेरीस तिथे अडकलेल्या एका जहाजातून सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेट उतरवून २०१४ साली बंदरातल्या बारा नंबरच्या गोदामात ठेवलं गेलं. ते लपलेलं नव्हतं. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांना पत्रं लिहिली, एकदा नाही, अनेकदा. माल हलवा, विका, परत पाठवा, काहीतरी करा. पत्रं आवकजावक होत राहिली आणि पोती जिथल्या तिथे राहिली. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी गोदामाला आग लागली. दोनशेहून अधिक माणसं मेली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. ती पत्रं लिहिणाऱ्यांबद्दल मी पुष्कळदा विचार करते. त्यांनी निदान लिहिलं तरी. पण पत्र पाठवलं की लिहिणाऱ्याच्या मनावरचं ओझं पुढच्या टेबलावर जातं, आणि रसायन काही पुढच्या टेबलावर जात नाही.

त्याच सुमारास चेन्नईजवळ सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट कंटेनरांत पडून होतं, कस्टम्सने २०१५ साली जप्त केलेलं. बैरुतच्या बातम्या आल्यावर काही दिवसांतच त्याचा लिलाव उरकून ते ट्रकांनी हैदराबादला रवाना झालं. तोच पदार्थ, तोच उतार, तशीच वर्षानुवर्षांची फाइल. फरक इतकाच की या वेळी ट्रक आले. ते यायला दुसऱ्या देशातल्या माणसांना मरावं लागलं, हे मात्र विसरता येत नाही.

आता माझी सही.

आमच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या कपाटांची दरमहा तपासणी होते. एक तक्ता असतो, त्यावर ‘विसंगत रसायने वेगळी ठेवली आहेत’ अशी एक ओळ, तिच्यापुढे चौकोन. कपाटांची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी चौकोनात खूण करून सही करत असे. पहिल्या महिन्यात कपाट उघडून पाहिलं होतं. नंतर नाही. दार काचेचं आहे, बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं, आणि आजवर काही झालेलं नव्हतं.

एक दिवस एक पदवीचा विद्यार्थी काहीतरी शोधताना म्हणाला, ‘ही बाटली इथे बरोबर आहे का?’ नायट्रेट आणि क्लोरेटच्या बाटल्यांच्या मागे जस्ताच्या भुकटीची बाटली होती. देणाऱ्यांच्या घोळक्यात एक घेणारा. कुणीतरी घाईत तिथे सरकवलेली. झाकणं घट्ट होती, काच शाबूत होती, काहीही झालं नव्हतं. बाटलीवर ती उघडल्याची तारीख होती, आणि शेजारी ज्याची आद्याक्षरं होती तो दहा महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. म्हणजे माझ्या किमान दहा सह्या खोट्या होत्या.

बाटली योग्य कपाटात ठेवायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर मी गप्प बसले. माझ्या कराराचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं होतं आणि माझा व्हिसा त्या करारावर उभा आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या कुणालाही या वाक्याचं वजन समजावून सांगायला नको. मी मनाशी म्हटलं, बाटली हलली, धोका गेला, आता कबुली देऊन कुणाचं भलं होणार? उष्मागतिकीच्या दृष्टीने माझं म्हणणं बरोबरच होतं. बैरुतमध्ये पत्रं गेली आणि माल हलला नाही. मी माल हलवला, पत्र लिहिलं नाही. अधिक महत्त्वाचं काम तर मी केलं होतं.

तीन आठवडे हा युक्तिवाद टिकला. मग पहिला सोमवार आला, तक्ता हातात आला, आणि माझ्या लक्षात आलं की बाटली हा धोक्याचा लहान भाग होता. मोठा भाग तो चौकोन होता, ज्यात न पाहता खूण करता येत होती. माझ्यानंतर जो येईल तोही तशीच करेल. आमच्या भिंतीला पडलेलं भोक त्या कपाटात नव्हतंच, ते माझ्या सहीत होतं, आणि ते मी तसंच ठेवून वर झाकण लावलं होतं. त्या आठवड्याच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. आवाज थोडा कापला. फार काही घडलं नाही. कुणी रागावलं नाही, करारही पुढे सरकला. (पण सरकला नसता तर मी इतक्या शांतपणे हे लिहिलं असतं का, ते मला माहीत नाही, तिथे नेगेल जिंकतो.) तक्ता मात्र बदलला. आता चौकोन नाहीत. प्रत्येक फळीवर त्या दिवशी कोणत्या बाटल्या आहेत ते हाताने लिहावं लागतं. ते लिहायला कपाट उघडावंच लागतं. चाळीस मिनिटं जातात आणि सगळे कुरकुरतात, मीही.

क्लिफर्डच्या प्रश्नाला माझं उत्तर आता हो असं आहे. काही झालं नाही तरी दोष होता, आणि तो बाटलीच्या जागेचा नव्हता, न पाहता ‘पाहिलं’ म्हणण्याचा होता. जो अपघात घडला नाही त्याबद्दल मला शिक्षा व्हावी असं मी म्हणत नाही. पण घडला नाही याचं श्रेयही मला घेता येणार नाही. ते जस्ताच्या बाटलीच्या झाकणाचं आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही प्रयोगशाळेबाहेरची. आपण सगळे दर रविवारी घरी फोन करतो. ‘सगळं ठीक ना?’ ‘हो, सगळं ठीक.’ हे उत्तर बहुधा खरं असतं, आणि त्यावर आपण आठवडा काढतो. पण तिकडच्या स्वयंपाकघरात सिलिंडर ते शेगडी अशी एक रबरी नळी असते, आणि ती पाच वर्षांत बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. माझ्या आईच्या घरातली नळी मी या डिसेंबरमध्ये पाहिली. दोन वर्षं उलटून गेली होती. आई म्हणाली, ‘अगं, चांगली आहे, अजून काही झालेलं नाही.’ त्याच दुपारी आम्ही ती बदलून घेतली. तुमच्या घरातली तारीख काय आहे?